पांढरी शौच आणि आतड्यातले निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. बाहेर डांबर चपलेला चिकटेल असं ऊन, आणि पोरगा गोधडी पांघरून कुडकुडत होता. "साहेब, डोळे तं याचे लहानपणापासूनच पिवळे हायेत, सिकलसेल हाये ना त्याले," ती म्हणाली. "पण आता थंडी वाजून रायली, अन् रातभर आंग खाजवते." मी विचारलं, शौचाचा रंग कसा आहे? माय जरा संकोचली. पोरगाच म्हणाला, "चुन्यावानी."

सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार, आपल्या भागाला नवा नाही. साध्या माणसाची लाल पेशी 120 दिवस जगते, सिकलसेलवाल्याची दहा ते वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींचा पिवळा रंग यकृत पित्तातून बाहेर टाकतं. तो फार झाला की पित्ताशयात काळे खडे बनतात, अगदी कमी वयातही. मग एखादा खडा घरंगळतो आणि पित्तनलिकेत अडकतो. ही नळी साधारण 6 मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी. आणि घरचे काय म्हणतात? याचे डोळे तर नेहमीच पिवळे. म्हणून म्हणतो, डोळ्यांपेक्षा शौच पाहा. रक्त फुटून कावीळ झाली तर शौचाचा रंग जात नाही. नळी बुजली तर तो उडतो, आणि लघवी मात्र चहासारखी होते.

इथं पित्त म्हणजे तुमची जळजळ नव्हे बरं का. ते आम्लपित्त, पोटातलं आम्ल. हे पित्त यकृतात बनतं, रोज पाऊण लिटरच्या आसपास.

आता आपला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, डोळ्यांसमोर आणा. पाटात दगड बसला की वर पाणी तुंबतं, एवढं सगळ्यांना कळतं. खाली कोरड्या पाटात गवत माजतं, तिकडं मात्र कोणी पाहत नाही. आतड्याचं तेच होतं. पित्तातले क्षार साबणासारखे असतात, ते जंतूंना आवरून धरतात. ते यायचे थांबले की लहान आतड्यात जंतू माजतात, आतड्याचं अस्तर ढिलं पडतं, आणि ई. कोलायसारखे जंतू त्यातून निसटून आधी लसिकागाठींत, मग यकृतात आणि रक्तात पोचतात. शिवाय नळीत तुंबलेल्या पित्तातही जंतू वाढतात आणि रक्तात शिरतात. ऐन मेमध्ये हुडहुडी भरते ती अशी. ताप-थंडी, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं, या त्रिकुटाचं वर्णन फ्रान्सच्या शार्को यांनी 1877 मध्येच करून ठेवलं आहे.

आता हार्मोनकडं वळू. हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारा निरोप. त्याचा इथं काय संबंध? हा शब्द 1905 मध्ये इंग्लंडच्या स्टार्लिंगनं रूढ केला, तोही आतड्याच्या कामावरून. 1902 मध्ये त्यानं आणि बेलिसनं दाखवलं होतं की आतड्याचं अस्तर रक्तातून निरोप पाठवतं आणि स्वादुपिंडातून रस सुटतो. तुम्ही तर्री ओरपली की असाच एक निरोप, कोलेसिस्टोकायनिन, पित्ताशयाला पिळतो. खडेवाल्याला तेलकट जेवणानंतर कळ येते ती त्यामुळंच.

पण हे निरोपे नुसते रस सोडायला सांगत नाहीत, अस्तराची राखणही करतात. संशोधकांनी उंदरांची पित्तनलिका बांधली, तेव्हा जंतू गाठींत आणि यकृतात सापडले. मग न्यूरोटेन्सिन नावाचं आतड्यातलंच एक निरोप-द्रव्य दिलं, आणि बॉम्बेसिन दिलं, जे मुळात युरोपातल्या एका बेडकाच्या कातडीत सापडलेलं द्रव्य आहे. जंतूंचं निसटणं कमी झालं. 2006 मध्ये तर असं दिसलं की पित्ताम्लं स्वतःच हार्मोनसारखी वागतात: आतड्याच्या पेशीतल्या एफएक्सआर नावाच्या कुलपाला ती किल्लीसारखी लागतात आणि जंतूंविरुद्धची तयारी सुरू होते. मला हे फार सुंदर वाटतं. म्हणजे नळी बुजल्यावर नुसता साबण बंद होत नाही, राखणदाराला जागं करणारी हाळीही बंद पडते.

हे उंदरांवरचं काम आहे. आमच्या कपाटात अशी हार्मोनची बाटली नाही. आमच्याकडं सलाईन आहे, अँटिबायोटिक आहे, आणि खरा इलाज म्हणजे दगड काढणं.

कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घालतात त्या माळेबद्दल विचाराल तर, पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते, त्याचं श्रेय माळेला मिळतं. खड्याला माळ कळत नाही. थंडी वाजून ताप आला तर तेव्हा माळेसाठी बुधवार-शनिवार पाहत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

त्या पोराला आम्ही अँटिबायोटिक सुरू केलं आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं. पित्ताशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि रक्त गोठत नाही. संध्याकाळच्या आत त्याला गाडीनं नागपूरला धाडलं. तिथं तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. पोटावर एक टाका नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. मायचाच होता. ना नमस्कार, ना काही. "साहेब, आज पिवळी झाली!"