चष्म्याचा नंबर आणि रक्ताचा पुरवठा

नमस्कार, श्रोतेहो. प्राझोसिन हे औषध कोकणात बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. मूळची ही ब्लडप्रेशरची गोळी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना दिली आणि कितीतरी जीव वाचवले. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. चीनमधल्या वेंझोऊच्या संशोधकांनी हेच औषध गिनीपिगच्या डोळ्याशेजारी टोचून पाहिलं. त्याने मायनस नंबर रोखता येतो का, हे त्यांना शोधायचं होतं.

नंबराचा आणि रक्तवाहिन्यांचा संबंध काय? मायनस नंबर वाढतो तेव्हा बहुधा डोळा मागच्या बाजूला लांबत असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटरचा. तो एक मिलिमीटरने लांबला, तरी नंबर अडीच-तीनने चढतो. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणात स्वतःच्या रक्तवाहिन्या अगदी तुटपुंज्या. त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः आतल्या कोरॉइड नावाच्या थराकडून, आणि तो थर मात्र रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला. तिथला प्रवाह मंदावला, की आवरणाला ऑक्सिजन कमी पडतो, त्यातलं कोलॅजन घटतं, आवरण कमकुवत होऊन ताणलं जातं. वेंझोऊच्या गटाने २०१८ मध्ये ही ऑक्सिजनची कमतरता मांडली. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण चष्मा नंबर झाकतो. इथे डोळा लांबण्याच्या कारणालाच हात घातला आहे.

२०२० मध्ये प्राझोसिनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गिनीपिगच्या एका डोळ्यापुढे सगळं धूसर दिसेल असं झाकण लावलं, की त्या डोळ्याला मायनस नंबर येतो. प्राझोसिन दिलेल्या डोळ्यांत कोरॉइडचा रक्तप्रवाह सुधारला, आवरणातली ऑक्सिजनची कमतरता घटली आणि नंबरही कमी वाढला.

पण पालकांनो, घरातल्या आजोबांची गोळी कृपा करून मुलांना देऊ नका. या औषधाच्या पहिल्याच डोसने रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. शिवाय हा प्रयोग प्राण्यांवरचा आहे, आणि लांबलेला डोळा त्यात आखूड झालेला नाही; फक्त लांबण्याचा वेग कमी झाला. मुलांना रोज दोन तास उजेडात, मोकळ्यावर खेळू द्या. त्याचा फायदा मुलांमध्येच तपासलेला आहे. औषधाचा पुढचा प्रश्न कठीण आहे: अंगातला रक्तदाब न उतरवता फक्त कोरॉइडचा प्रवाह वाढवायचा कसा, आणि तोही वाढत्या मुलाच्या डोळ्यात, वर्षानुवर्षं?