नूतन : ऐकणारा चेहरा

(दृश्य : 'सुजाता'मधला टेलिफोनचा प्रसंग. गाण्याचा आवाज हळूहळू खाली येतो.)

१९५९ सालचा 'सुजाता'. तारेच्या पलीकडे सुनील दत्त गातोय. गळा तलत महमूदचा, चाल सचिनदेव बर्मन यांची. अलीकडे नूतन, कानाला रिसीव्हर लावून उभी. अख्ख्या गाण्यात तिच्या तोंडी एक शब्द नाही. आपल्याकडे गाणं म्हटलं की कॅमेरा गाणाऱ्याभोवती फिरतो, पण दिग्दर्शक बिमल रॉय इथे पुन्हा पुन्हा ऐकणारीकडे जातात. तिचे डोळे आधी बावरतात, मग भरून येतात. ओठांवर हसू येतं न येतं, तोच ते मागे फिरतं. आपण याला आवडतो, हे तिला कळतंय. आणि हे आपल्याला परवडणारं नाही, हेही. दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दिसतात, आणि त्यासाठी ती साधा हातसुद्धा हलवत नाही.

नूतनवर बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. संवादफेक गाजवणारे नट आपल्याकडे पुष्कळ झाले. समोरच्याचं बोलणं, गाणं, अपमान नुसता ऐकता ऐकता पडदा ताब्यात घेणारी मात्र नूतनच.

(दृश्य : समर्थ कुटुंबाची छायाचित्रं.)

जन्म ४ जून १९३६, मुंबई. मराठी घर, आणि घरात सिनेमा आधीच येऊन बसलेला. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. आई शोभना समर्थ म्हणजे विजय भट्ट यांच्या १९४३ सालच्या 'रामराज्य'मधली सीता. तिची छबी तेव्हा घराघरांतल्या कॅलेंडरांवर झळकत होती. आजी रतनबाई यांनीही सिनेमात काम केलेलं. नूतन चार भावंडांत थोरली. तनुजा तिची धाकटी बहीण.

पोर किडकिडीत, लाजाळू, आणि आई देखणेपणासाठी नावाजलेली. लोकांनी तुलना करायची ती केलीच. शोभनाबाईंनी मात्र स्वतः निर्मिती-दिग्दर्शन करून १९५० साली 'हमारी बेटी'त लेकीला उभं केलं. नूतन तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी 'नगीना' आला. त्याला 'फक्त प्रौढांसाठी' असा दाखला मिळाला, आणि सिनेमाच्या नायिकेलाच वय कमी म्हणून थिएटरात प्रवेश मिळाला नाही. त्यानंतर तिला शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला पाठवण्यात आलं.

परत आली ती वेगळीच होऊन, आणि १९५५ साली 'सीमा' आला. अमिय चक्रवर्तींच्या या सिनेमात ती गौरी आहे. चोरीचा खोटा आळ आलेली आणि सुधारगृहात डांबलेली अनाथ मुलगी. आदळआपट करणारी, कुणाला न जुमानणारी. त्या काळची नायिका रडली तर पदर सावरून रडायची. गौरी दात-ओठ खाऊन रडते. समोर बलराज साहनींसारखा संयत नट असल्यामुळे तिची धग आणखीच जाणवते. याच सिनेमात लताबाईंनी गायलेली जयजयवंती रागातली चीज आहे. ती नूतनच्या तोंडी पाहताना गळ्याच्या शिरा, श्वासाची जागा, तानेआधीची हनुवटी यांकडे जरूर लक्ष द्या. तिनं गाण्याचं शिक्षण घेतलं होतं. नुसते ओठ हलवून हे जमत नाही. पुढे 'छबिली'त स्नेहल भाटकरांच्या संगीतात ती स्वतःच्या गळ्यानंही गायली. 'सीमा'नं तिला पहिलं फिल्मफेअर मिळवून दिलं, एकोणिसाव्या वर्षी केलेल्या कामासाठी.

ती कायम रडवणारीच होती असा समज कुणी करून घेऊ नये. 'पेइंग गेस्ट'मध्ये देव आनंदसोबत ती इतकी खट्याळ आहे की त्यालाच सांभाळून राहावं लागतं. 'दिल्ली का ठग'मध्ये समोर किशोरकुमार, आणि तिथे पोहण्याच्या पोशाखात ती बिनधास्त कॅमेऱ्यापुढे आली. साल १९५८. 'अनाडी'त राज कपूर. 'तेरे घर के सामने'मध्ये कुतुबमिनारच्या जिन्यातलं ते गाणं. हे सगळं ती हसतखेळत करून मोकळी झाली.

(दृश्य : 'सुजाता'मधलं चौधरींचं घर.)

पुन्हा 'सुजाता'कडे येऊ, कारण मराठी प्रेक्षकांनी या सिनेमाकडे आणखी एका नजरेनं पाहायला हवं. दिग्दर्शक बंगाली, कथा सुबोध घोषांची, म्हणजे तीही बंगाली. पण घरातल्या बायका पाहा. आई सुलोचनादीदी, कोल्हापुरात दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडलेल्या. घरची खरी मुलगी शशिकला, सोलापूरची. सोवळंओवळं पाळणारी बुआ, म्हणजे आत्या, ललिता पवार, येवल्याच्या. आणि मधोमध समर्थांची नूतन. बिमलदांच्या त्या बंगाली वळणाच्या घरात चार मराठी बाया संसार मांडून बसल्यात!

सुजाता ही पटकीच्या साथीत आईबाप गेलेली अस्पृश्य समाजातली पोर. इंजिनियराच्या ब्राह्मण घरात ती वाढते. पाहुण्यांना आई तिची ओळख 'मुलीसारखी' म्हणून करून देते. सुलोचनादीदी हे वाक्य दुष्टपणे म्हणत नाहीत, सहज म्हणतात, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. अशा वेळी नूतनकडे पाहा. ती चहाचा ट्रे ठेवते, नजर खाली, पण खांदे किंचित आत ओढले जातात. या घरात आपण किती जागा व्यापायची, हे त्या मुलीनं लहानपणीच शिकून घेतलंय. जातीवर भाषण देणारे सिनेमे आपल्याकडे झाले. खांद्यांच्या एका हालचालीतून जात दाखवणारी नटी विरळा. दुसरं फिल्मफेअर याच कामासाठी मिळालं.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५९ मध्ये, तिनं नौदलातले अधिकारी रजनीश बहल यांच्याशी लग्न केलं. मुलगा मोहनीश, तोही पुढे नट झाला. लग्नानंतर सिनेमा सोडायचं तिच्या मनात होतं, बिमलदांनी गळ घातली, असं सांगितलं जातं. ती गळ घातली नसती, तर आपल्याला 'बंदिनी' दिसला नसता.

(दृश्य : 'बंदिनी'. तुरुंगाच्या भिंती, जात्याची घरघर.)

'बंदिनी', १९६३. काळ स्वातंत्र्यपूर्व बंगालचा. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आलेली कल्याणी. तिचे वडील, वैष्णव पदांवर जीव असलेले गावचे पोस्टमास्तर, रंगवलेत 'लाखाची गोष्ट' आणि 'जगाच्या पाठीवर' देणाऱ्या आपल्या राजाभाऊ परांजपे यांनी. बापलेकीचे ते प्रसंग फार मायेनं उतरलेत.

या सिनेमातली तीन गाणी आठवा. गाव सोडताना मुकेशचं, तुरुंगात जातं ओढणाऱ्या बाईचं आशाबाईंच्या आवाजातलं, आणि शेवटी घाटावर सचिनदांच्या स्वतःच्या गळ्यातलं. यातलं एकही कल्याणी गात नाही. ती ऐकते. जात्याच्या गाण्यात सासुरवाशीण बापाला सांगतेय की यंदा भावाला पाठवा, मला माहेरी न्या. आपल्याकडच्या ओव्या ज्यांच्या कानावरून गेल्यात, त्यांना हे दुःख परकं वाटणार नाही. कल्याणीचा बाप तर तिला शोधायला शहरात आला आणि अपघातात गेला. तिला न्यायला कुणी यायचं उरलेलंच नाही. हे ती सांगत नाही, आपल्याला तिच्या डोळ्यांत वाचावं लागतं.

आणि तो खुनाचा प्रसंग. ज्या आजारी, चिडखोर बाईची ती शुश्रूषा करतेय, ती आपल्याच प्रियकराची बायको आहे, हे तिला कळलंय. बापाच्या मरणाचा घाव ताजा आहे. बाहेर लोखंडावर घण पडतायत. ठिणग्यांचा उजेड तिच्या तोंडावर येतो, जातो, पुन्हा येतो. संवाद नाही. छायाचित्रकार कमल बोस यांनी फक्त उजेड आणि अंधार दिलाय. बाकीचं सगळं नूतनच्या चेहऱ्यावर घडतं. आधी तो थिजलेला, मग कसला तरी विचार डोक्यात शिरतो, मग त्या विचाराची भीती वाटते, आणि मग भीतीही संपते. चहात विष पडतं तेव्हा आपण तिच्या बाजूचे झालेले असतो. खुनी बाईच्या बाजूचे! हिंदी सिनेमात अभिनयाचा याहून वरचा क्षण मला तरी ठाऊक नाही.

शेवटी तिच्यापुढे एकीकडे डॉक्टर देवेन, म्हणजे तरुण धर्मेंद्र, आणि नवं आयुष्य. दुसरीकडे तिचा तोच जुना प्रियकर, आजारानं खंगलेला विकास, म्हणजे अशोककुमार. ती विकासकडे धावते. हा निर्णय बाईला मागे नेणारा आहे, अशी टीका होते, आणि त्या टीकेत तथ्य आहे. पण नूतन धावते ती पतिव्रता म्हणून नाही. बराच काळ कोंडलेलं माणूस दार उघडं दिसल्यावर धावतं, तशी. तिसरं फिल्मफेअर.

(दृश्य : पोस्टरं, एकामागून एक.)

पुढे 'मिलन', १९६७, पुन्हा सुनील दत्त, आणि चौथं. १९७४ साली पद्मश्री. १९७८ साली राज खोसलांचा 'मैं तुलसी तेरे आंगन की', चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कादंबरीवरून केलेला, आणि त्यासाठी पाचवं, वयाच्या बेचाळिशीत. तिच्याबरोबरीच्या बहुतेक नायिका तोवर बाजूला पडल्या होत्या. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर हा विक्रम तीसहून अधिक वर्षं तिच्या एकटीच्या नावावर राहिला. २०११ साली तिथवर पोचली ती तिचीच भाची, तनुजाची मुलगी काजोल.

घरचं आयुष्य तितकं सरळ नव्हतं. पैशांच्या व्यवहारावरून आईशी वाद कोर्टापर्यंत गेला, दोघींमध्ये वर्षानुवर्षं अबोला राहिला, आणि ऐंशीच्या दशकात तो मिटला. मिटला, हे महत्त्वाचं.

'मेरी जंग'मधल्या आईच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर. दिलीपकुमार आणि नूतन एकत्र दिसले ते थेट १९८६ साली, 'कर्मा'त. या दोघांना तरुणपणी एका चौकटीत पाहायचं प्रेक्षकांच्या नशिबी नव्हतं, याची हळहळ वाटते.

२१ फेब्रुवारी १९९१ रोजी मुंबईत कर्करोगानं तिचं निधन झालं. वय ५४. तिचे काही सिनेमे त्यानंतर पडद्यावर आले. २०११ साली टपाल खात्यानं तिच्या नावानं तिकीट काढलं.

(दृश्य : 'सौदागर'. खजुराची झाडं, चुलीवरची कढई.)

एक सिनेमा मुद्दाम शेवटी ठेवलाय. 'सौदागर', १९७३, दिग्दर्शक सुधेंदू रॉय. नायक अमिताभ, अजून मोठा व्हायचा होता. मोती खजुराचा रस काढून गूळ विकतो. त्याचा जीव फूलबानोवर, पण तिच्या मेहरसाठी, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायच्या रकमेसाठी, पैसा हवा. म्हणून तो महजबीशी, गूळ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही अशा विधवेशी, लग्न करतो. हंगामभर तिच्या हातचा गूळ विकून पैसे जमवतो आणि तिला तलाक देतो.

महजबी कढईपाशी बसलेली असते, तेव्हा नूतनच्या बसण्यात, ढवळण्यात, धुरानं डोळे बारीक करण्यात कुठेही नटीपणा नाही. तलाक मिळाल्यावर ती दुसरीकडे, मुलं असलेल्या एका बिजवराच्या घरी नांदायला जाते. इकडे फूलबानोला गूळ साधत नाही, मोतीचा धंदा बसतो, आणि अखेर रसाची भांडी घेऊन तोच मोती महजबीच्या दारात येतो. राग, अपमान, आणि कारागिराला कच्चा माल पाहून वाटणारी ओढ, या तिन्ही गोष्टी त्या दारात उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर आहेत.

या कामासाठी तिला फिल्मफेअर मिळालं नाही. भारतानं ऑस्करसाठी पाठवलेला सिनेमा मात्र 'सौदागर'च होता. तिच्या पाच पुरस्कारांची यादी सगळेच सांगतात. त्या यादीत नसलेला हा सिनेमा आधी पाहा.