ओरडायची मराठी

(इंग्लंडमधल्या स्विंडनच्या मराठी मंडळात, भाषा दिनाच्या मेळाव्यातलं भाषण. बोलताना घातलेले फाटे संपादकांनी छाटलेत, तरी काही उरलेच.)

नमस्कार मंडळी.

आज मला बोलायला उभं केलंय त्याला दोन कारणं आहेत. हॉलची किल्ली माझ्याकडे असते, आणि ठरलेल्या पाहुण्यांना ताप आलाय. त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. मागे वडे तळले जातायत, तो वास यायला लागला की मला थांबायला सांगा.

गेल्या शनिवारी आमच्या घरी भांडण झालं. विषय तुमच्याही घरी असतो तोच, शनिवारची मराठी शाळा. धाकटी बारा वर्षांची आहे. म्हणाली, मी आता जाणार नाही. मी आधी समजावलं, मग आवाज चढवला, आणि शेवटी माझं हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, अगं, इथून पंचवीस मिनिटांवर बुश्टन नावाचं खेडं आहे. तिथला एक इंग्रज तिशीत मराठी शिकला आणि त्याने अकरा हजार ओव्या लिहिल्या. तुला आजीचं एक पत्र वाचता येत नाही!

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, त्याला मराठीत कोणाला तरी काहीतरी सांगायचं होतं. तू मराठीत फक्त ओरडतोस."

आणि चपला घालून मैत्रिणीकडे गेली.

बायको ओट्यापाशी उभी होती. ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून मी घरात स्वतःकडे कान देऊन आहे. "दात घास." "फोन ठेव." "किती वेळा सांगायचं?" "ताट उचल." हे सगळं मराठीत. आणि शाळेत काय झालं, ती मैत्रीण का रुसली, डायनासोर कसे मेले, हे सगळं इंग्रजीत. म्हणजे आमच्या घरात मराठीला फौजदाराची नोकरी आहे. गप्पा मारायला ठेवलीय ती दुसरीच. हसू नका, तुमच्याकडेही हेच चालतं. पार्किंगमध्ये ऐकलंय मी आत्ता.

तर तो बुश्टनचा माणूस. फादर टॉमस स्टीफन्स. गोव्याच्या मंडळींना पाद्री एस्तेवांव म्हणून माहीत. जन्म १५४९च्या सुमाराचा, शिक्षण विंचेस्टरला. तेव्हा इथे एलिझाबेथ राणीचं राज्य होतं आणि कॅथलिक असणं म्हणजे जिवाशी खेळ. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राचा नोकर असल्याचं सोंग घेऊन हा काही काळ हिंडला. मित्र पकडला गेला आणि जवळजवळ तीस वर्षं तुरुंगात राहिला. हा निसटला, रोमला पोचला, १५७५ साली जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, झाला.

४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून जहाज सुटलं आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. साडेसहा महिने. आपण दुबईला चार तास थांबावं लागलं तर गटावर तीन संदेश टाकतो. पोचल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्याने वडिलांना पत्र लिहिलं. पुढे ते इथे छापलंही गेलं. वारा पडला की काय होतं, वाट कशी चुकली, हिरड्या सुजून माणसं कशी आजारी पडली, १५०च्या वर आजारी आणि २७ दगावले, असं सगळं त्यात आहे. वाचताना मला माझा पहिला फोन आठवला. पहिल्या रात्री, कार्डावरचे आकडे घासून, थंडीत बूथमध्ये उभं राहून, "आई, पोचलो." तुम्हाला तो आठवतो, म्हणून जास्त सांगत नाही.

भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज हाच, असं म्हणतात. कंपनी नव्हती, सुरतेची वखार नव्हती, थोरल्या महाराजांच्या जन्माला अजून पन्नास वर्षं होती. हा गोव्याच्या दक्षिणेकडच्या साष्टीत राहिला. मडगाव, राशोल. चाळीस वर्षं. १६१९ला तिथेच गेला, परत कधी आला नाही. १५८३ साली त्याने भावाला लिहिलं की इथल्या भाषांची ठेवण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्सचं गाजलेलं भाषण १७८६चं. दोनशे वर्षं आधी आमच्या स्विंडनशेजारच्या माणसाच्या कानाने ते टिपलं होतं. बघा, "आमच्या" म्हणायला लागलोसुद्धा!

आणि मग १६१६ साली राशोलच्या छापखान्यातून त्याचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांतली बायबलची कथा, निघालं. शेक्सपिअर वारला तेच साल. एकूण १०,९६२ ओव्या. मराठीत. 'जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी, कीं परिमळांमाजि कस्तुरी,' ही त्याची ओळ आपण दर भाषा दिनाला कार्डावर टाकतो. मीही टाकलीय, मागच्या वर्षी, 'संत ज्ञानेश्वर' असं खाली लिहून. कोणीही चूक काढली नाही. एकशे दोन अंगठे आले.

ही ओवी व्याकरण घोकून येत नाही हो. ज्ञानेश्वर-एकनाथांची चाल कानात मुरावी लागते. हा परका पाद्री पोथी वाचणाऱ्यांच्या जवळ किती दिवस बसला असेल, याचा मी विचार करत राहतो. आमचे गोवेकर मित्र इथे घसा खाकरतात, म्हणून सांगून टाकतो. त्याने व्याकरण लिहिलं ते कोकणीचं, आणि १६४०मध्ये, तो गेल्यावर, छापलं गेलेलं हे व्याकरण भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण मानतात. ओसरीवर कोकणी, पोथीत मराठी. दोन्ही त्याने घेतल्या. वाटणीचा दावा वड्यांनंतर लावू.

आता मुलीच्या वाक्याकडे परत येतो, कारण ते मला सोडत नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं, बरोबर. पण काय सांगायचं होतं आणि कुठल्या परिस्थितीत, ते मी तिला सांगितलं नव्हतं. भाषा दिनाच्या भाषणांत तेवढंच गाळलं जातं. १५६०ला गोव्यात इन्क्विझिशन आलं, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय. त्याच सुमाराला मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. इथे बसलेल्या निदान चार घरांची कुलदैवतं तेव्हा रात्रीत नदी ओलांडून गेलेली आहेत. १५६७ला साष्टीतली देवळं पाडली. १५८३ला कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होता, प्रेतं ताब्यात घ्यायच्या खटपटीत तोही होता. मग पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. लोकांच्या पोथ्या बंद झाल्या होत्या. स्वतः पुराणाच्या सुरुवातीलाच हे येतं. नवख्रिस्ती लोक पाद्रीला म्हणतात, आमची मागची पुराणं तुम्ही वर्जिलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही?

ज्याला स्वतःच्या देशात स्वतःच्या पद्धतीने प्रार्थना करता आली नाही, तो अशा ठिकाणी गेला जिथे त्याचीच मंडळी दुसऱ्यांना ती करू देत नव्हती. हे त्याच्या कधी मनात आलं का? मला काही वाटतं, पण ते माझंच वाटणं. त्याची मोगरी खरी आहे, तो वास खोटा नाही. आणि ती कुठल्या मातीत उगवली तेही खरं. मला दोन्ही एकत्र धरता येत नाही, आणि मुलीला सांगताना मी सोयीचं तेवढंच उचललं. फौजदार असंच करतात.

अजून एक गोष्ट. हे पुराण छापलं गेलं रोमन लिपीत. आपल्या अक्षरांचे खिळेच नव्हते. १६०८ साली त्याने वरिष्ठांना लिहिलेलं आहे की इथल्या लिपीत छापायची इच्छा आहे, पण साचे शेकड्यांनी लागतात. म्हणजे रोमन अक्षरांतली मराठी हा आपल्या मुलांनी फोनवर लावलेला शोध नाही, चारशे वर्षांची जुनी परंपरा आहे! अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण मंडळात केक कापला, आठवतंय? त्यावर 'अभिजात मराठी' रोमन अक्षरांत होतं. बेकरीवाल्याकडे साचे नव्हते. सगळ्यांनी फोटो काढले. स्टीफन्सला निदान हळहळ वाटली होती.

१६१६, १६४९, १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यातली एकही छापील प्रत आज कुठे सापडत नाही. १६८४ला पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. पुराण टिकलं ते हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे, चर्चमध्ये आणि घरोघरी गाणाऱ्यांमुळे. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेलं, आणि १९०७ला मंगळुरातच ते पुन्हा छापलं गेलं. घर सोडून गेलेली माणसं, पुढे परक्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या. त्यांची पोरं ते गात होती. ओरडून गाऊन घेतलं असेल का? कोणास ठाऊक.

एक हस्तलिखित देवनागरीतलं आहे, मार्सडेन प्रत म्हणतात तिला. ती कुठे आहे? लंडनला, सोआसच्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या विद्यापीठाच्या, ग्रंथालयात. आपण दर वर्षी लंडनला बस नेतो. वडापाव खातो, साड्या घेतो, ट्रॅफल्गर चौकात फोटो काढतो. तिथून ते ग्रंथालय चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. बावीस वर्षांत मी गेलेलो नाही. तुमच्यापैकी कोण गेलंय? नाही, हात वर करायला लावत नाही. मलाही खालीच ठेवावा लागेल.

काल तिला घेऊन बुश्टनला गेलो. शाळेला जाणार नाही म्हणाली, पण गाडीत बसायला तयार झाली. मॅजिक राउंडअबाउट नावाच्या आमच्या त्या गोंधळाच्या चौकात मी नेहमीप्रमाणे गणपतीचं नाव घेतलं आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या बाजूने बाहेर पडलो. वुटन बॅसेटच्या पुढे शेतं, चिखल, गाई. पाटी आली. पावसात दोघं उभे राहिलो. बघण्यासारखं काही नव्हतं.

तिने विचारलं, इंग्रजीतच, "तो परत आला नाही ना? मग चाळीस वर्षांनी त्याचं इंग्रजी कसं झालं असेल?"

मी काहीच बोललो नाही. माझी आई फोनवर हल्ली म्हणते, तुझ्या बोलण्यात काहीतरी वेगळं येतंय रे. मी म्हणतो, लाइन खराब आहे.

परत निघताना तिला म्हटलं, पट्टा लाव. मराठीत. ओरडून नाही, असं मला वाटलं. ती मागच्या रांगेत फोन घेऊन बसली आहे, तिला विचारायचं राहून गेलंय.

वडे झाले वाटतं.