वाऱ्याआधी पाण्याचे विचारा

श्रोतेहो, नमस्कार. चक्रीवादळाची बातमी आली की आपण पहिला प्रश्न विचारतो तो वाऱ्याच्या वेगाचा. किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी पाण्याचे विचारावे, कारण बंगालच्या उपसागरातल्या मोठ्या वादळांत बहुतेक माणसे वाऱ्याने नव्हे, तर पाण्याने गेली आहेत.

कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांची हकिगत इथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. सागरी न्यायालयाचे हे अध्यक्ष जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वादळांचा अभ्यास करीत. ‘सायक्लोन’ हे नावही त्यांनीच दिले. कलकत्त्याचे बंदर जिच्यावर आहे ती हुगळी नदी गाळाने भरेल या भीतीने सरकारने सुंदरबनातल्या मातला नदीवर नवे बंदर उभारायचे ठरवले, तेव्हा 1853 साली पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून बजावले, की एखाद्या वादळात इथे खारे पाणी चढेल आणि सगळी वसाहत 5 ते 15 फूट बुडेल. सरकारने ऐकले नाही. बंदर झाले, रेल्वे आली, पोर्ट कॅनिंग असे नाव पडले. पिडिंग्टन 1858 मध्ये वारले. नोव्हेंबर 1867 मध्ये वादळ आले, मातलेतून सुमारे 6 फुटांची लाट चढली आणि काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. उपग्रह नाही, संगणक नाही. जुन्या नोंदी आणि सखल जमीन पाहून त्या गृहस्थाने 14 वर्षे आधी हे सांगितले होते!

आज हवामान विभाग वादळाचा मार्ग दोन-तीन दिवस आधी पुष्कळ अचूक सांगतो. ओडिशात 1999 सालच्या चक्रीवादळात सुमारे 10,000 माणसे दगावली. 2013 च्या ‘फायलिन’ वादळाआधी लाखो लोक हलवल्यामुळे हा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटते, त्या लाटेची उंची मात्र वाऱ्याबरोबरच समुद्रतळाचा उतार, खाडीचा आकार आणि भरतीची वेळ यांवरही ठरते, त्यामुळे मार्ग थोडा सरकला तरी पाणी दुसऱ्याच गावात शिरते. त्यात वादळ रेंगाळले, तर नदीला आलेला पूर भरतीमुळे समुद्रात उतरू शकत नाही. म्हणूनच पाण्याचा जोर अडवणारी खाडीकाठची कांदळवने तोडून तिथे इमारतींना परवानगी देणे मला तरी अक्षम्य वाटते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अरबी समुद्राकडची आपली बाजू सुरक्षित आहे हा समज संपायला हवा होता. पुन्हा सांगतो, आधी पाण्याचे विचारा: इशारा आला की त्या दिवशीची भरती किती वाजता आहे ते पाहा, आणि घर खाडीलगत असेल तर ती वेळ येण्याआधीच उंचावरच्या निवाऱ्यात जा.