पहिला प्रश्न

ज्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय असतो, त्याची मुलाखत घेण्याची ही खोली मुद्दामच साधी ठेवलेली असते. दोन खुर्च्या, कोरे कागद, रंगीत खडू आणि छताजवळ एक कॅमेरा. शेजारच्या खोलीत पोलीस अधिकारी, सरकारी वकील आणि बालसंरक्षण कर्मचारी हे बोलणे त्याच वेळी पाहत असतात, त्यामुळे मुलाला तीच हकिकत प्रत्येकापुढे पुन्हा सांगावी लागत नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे १९८५ साली जिल्हा सरकारी वकील बड क्रेमर यांच्या पुढाकाराने अशी खोली असलेल्या केंद्राची सुरुवात झाली. मात्र सोय झाली म्हणजे विचारण्याची रीतही साधली, असे नाही. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीवर १९८३ मध्ये मुलांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, तेव्हा शेकडो मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या. ‘बाकीच्यांनी सांगितले आहे, आता तूही सांग’ अशा आशयाचे सूचक प्रश्न त्यांत वारंवार आले. दीर्घकाळ चाललेला खटला १९९० मध्ये कोणालाही दोषी न ठरवता संपला. कोणत्या मुलावर खरोखर काय ओढवले होते, हे त्या मुलाखतींच्या फितींवरून सांगणे ज्युरींना अशक्य झाले होते, आणि हे नुकसान आरोपींइतकेच मुलांचेही होते.

पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेतील संशोधकांनी मुलाखतीची पद्धत टप्प्याटप्प्याने बांधून दिली. ‘माहीत नाही’ म्हटले तरी चालेल आणि माझे चुकले तर मला सांग, हे मुलाला आधी स्पष्ट केले जाते. त्यानंतर वाढदिवसासारखा एखादा साधा प्रसंग त्याच्याकडून सविस्तर वदवून घेतला जातो. हा वेळकाढूपणा नव्हे, कारण मोठी माणसे आपले बोलणे मध्येच न तोडता ऐकतात, याचा अनुभव पुष्कळ मुलांना तेथे पहिल्यांदाच येतो. मग मूळ विषयाचा पहिला प्रश्न येतो: ‘तू आज माझ्याशी बोलायला का आलास, ते सांग.’ कोणाचे नाव नाही, जागेचा उल्लेख नाही, कृत्याचाही नाही. मूल एखादी गोष्ट बोलले, तर ‘त्याबद्दल आणखी सांग’ एवढेच विचारायचे. ‘हो की नाही’ स्वरूपाचे प्रश्न शेवटासाठी राखून ठेवायचे. काहीच घडले नसेल, तर तेही या रीतीने निर्धास्तपणे सांगता येते.

भारतात मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवायचा असतो. विश्वासाची व्यक्ती जवळ असावी आणि शक्य तेथे ध्वनिचित्रमुद्रण व्हावे, असेही कायदा सांगतो. विशेष न्यायालयात दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे असतात, आणि मुलाला ते न्यायाधीशच विचारतात. जबाबाची जागा, वेश आणि सोबत कलमांनी ठरवून दिली आहे; घरातल्या त्या पहिल्या जबाबात तोंडून निघणारा पहिला प्रश्न मात्र विचारणाऱ्याच्या प्रशिक्षणावरच अवलंबून राहतो.