किरणोत्सव: चमत्कार की विज्ञान? कमेंटमधलं भांडण एकदाचं मिटवू या

नमस्कार मंडळी! परत तोच प्रश्न. "दादा, कोल्हापूरचा किरणोत्सव चमत्कार की विज्ञान, एकदाच काय ते सांगा." सांगतो.

बेसिक पटापट. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात. सूर्य खाली जातो तसा उजेड मूर्तीच्या पायांवरून वर चढतो. हाच किरणोत्सव. माहितीये सगळ्यांना, पुढे.

घोडं अडतं ते इथे: दोनदाच का? अहो, सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जूनच्या अखेरीपासून मावळतीची जागा दक्षिणेकडे सरकते, २१-२२ डिसेंबरला टोक गाठते आणि माघारी फिरते. जाताना एकदा, येताना एकदा देवळाच्या रेषेत येते.

नाही पटलं? कॅलेंडर काढा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस. तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवस. जवळजवळ सारखंच!

अजून नाही? गच्चीत जा. १० नोव्हेंबरला सूर्य शेजारच्या ज्या टाकीमागे गेला, १ फेब्रुवारीला त्याच टाकीमागे जाईल. मधल्या डिसेंबरात बघा, टाकी सोडून पार डावीकडे.

आणि "देवीचा उत्सव इंग्रजी तारखेनं कसा?" विचारणाऱ्यांनो, तिथी चालते चंद्राच्या हिशेबानं, हा कारभार सूर्याचा. संक्रांत नाही का १४-१५ जानेवारी सोडत!

आता जरा चिडतो. एक पार्टी लिहिते, "सूर्याचा कोन कळला, मग देवी कुठे राहिली?" बाबा रे, कोन मोजून कोन कळतो. हात जोडायचे की नाही, हे त्यात येतच नाही. दुसरी पार्टी, "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, विमानंसुद्धा!" देऊळ बांधणाऱ्यांनी मावळती वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बघितली असणार. त्या मेहनतीला विमानं कशाला चिकटवताय?

माझी आत्या कोल्हापूरची, नवरात्रात नऊ दिवस उपास. गेल्या खेपेला फोनवर म्हणाली, "किरणं गुडघ्यापर्यंत आली बघ, पुढं धुरकट झालं." देवी कोपली वगैरे काही नाही. पश्चिमेकडच्या कुठल्या इमारतीचा कोणता मजला आडवा येतो, ते मात्र तिला तोंडपाठ. तिथे अभ्यासक उपकरणं घेऊन उजेडाची तीव्रता मोजत असतात, आणि आकडा काय आला हे भाविकच आधी विचारतात. कमेंटमध्ये जे भांडण चाललंय, ते देवळात मला तरी दिसलं नाही.

नोव्हेंबरात जाणार असाल तर पाचच्या आत पोचा. आणि कृपा करून, मोबाईल उंच धरून किरणांच्या वाटेत उभे राहू नका!