तासाला एक नोंद : बॅरोमीटरपुढे आधी काय वाचाल?

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय : "वेधशाळेत दर तासाला उठून हवामानाचा आकडा लिहायचा, त्यात एवढं काय?" आज तेच बघू.

मुंबईची कुलाबा वेधशाळा. स्थापना 1826ची, तासातासाच्या नोंदी 1840च्या दशकातल्या. आपले गणितज्ञ केरूनाना छत्रे तरुणपणी इथेच कामाला होते. कोरडा थर्मामीटर, ओला थर्मामीटर (ओल्या मलमलीत गुंडाळलेला, हवेतला दमटपणा कळायला), वारा, ढग, हे तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त ओल्याची मलमल वेळच्या वेळी बदला. समुद्राकाठी तिच्यात मीठ बसतं, पाणी नीट उडत नाही आणि हवा आहे त्याहून दमट दिसते.

आता फोर्टिन बॅरोमीटर, म्हणजे नळीतल्या पाऱ्याच्या उंचीवरून हवेचा दाब मोजणारं यंत्र. पुढ्यात गेलात की पहिलं काय वाचाल? पारा? नाही! त्याच्या अंगाला जोडलेला छोटा थर्मामीटर. आधी तो! तुमच्या अंगाच्या उबेने, श्वासाने तो पटकन चढतो. नळीतला एवढा पारा मात्र इतक्यात तापत नाही. पारा उष्णतेने फुगतो, म्हणून वाचलेल्या उंचीत तापमानाची दुरुस्ती करावी लागते; मग ती चुकीच्या आकड्यावरून होते.

"अंशा-दोन अंशांनी काय बिघडतं?" हिशेब करा. 30 इंच पाऱ्याला 1 अंश फॅरनहाइटमागे दुरुस्ती सुमारे 0.0027 इंच. 2 अंश फसलात की 0.005 गेले. आणि वाचायचंय 0.001 इंचापर्यंत!

रात्री तर हातात दिवा. तो जवळ धरलात की छोटा थर्मामीटर आणखी चढणार. ही चूक रोज त्याच तासांना होते, म्हणून वर्षाची सरासरी काढली तरी जात नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी छोटा थर्मामीटर.

मग नळीवर बोटाने हलकी टिचकी. खालचा स्क्रू फिरवून खालच्या भांड्यातला पारा हस्तिदंती टोकाशी (मोजपट्टीचं शून्य तिथेच) आणा, टोक आणि त्याचं प्रतिबिंब जेमतेम भिडेल इतकाच. पाऱ्यात खळगा दिसला तर जास्त वर आलाय, उतरवा. मग डोळा समपातळीत ठेवून व्हर्नियरची (बारीक भाग वाचायच्या सरकत्या पट्टीची) कडा पाऱ्याच्या फुगवट्याच्या माथ्याला टेकवा.

आणि कमेंटमध्ये एक महाशय लिहितात, "झोप लागली तर मागच्या-पुढच्या तासांची सरासरी टाकायची." अहो, अजिबात नाही! मुंबईत दाब सकाळी आणि रात्री 10च्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी 4च्या सुमारास उतरतो. 10ची नोंद चुकली आणि तुम्ही 9 आणि 11ची सरासरी भरलीत, तर नेमका माथाच कापला जातो. रकाना कोरा सोडा.